पांढरा प्राणी दिसला की अल्बिनोच का? आणि अल्बिनो असलाच तर त्याचं पुढे काय होतं?

शिवारफेरी (धागाकर्ता)

गेल्या आठवड्यात आमच्या शेजारच्या वस्तीवर कांद्याच्या चाळीत पांढरा नाग निघाला. सर्पमित्र पोचेपर्यंत दुधाची वाटी, हळदकुंकू आणि गावातले झाडून सगळे मोबाइल हजर. संध्याकाळपर्यंत "दुर्मिळ श्वेतनाग, पुढे पाठवा, शुभवार्ता कळेल" हा निरोप गावभर फिरून माझ्याकडेच परत आला.

नाग कुणाला चावला नाही, कुणी त्याला मारलं नाही, इथवर ठीक. पण तेव्हापासून मी अल्बिनिझमबद्दल, म्हणजे अंगात रंगच न बनण्याच्या जन्मजात दोषाबद्दल, मिळेल ते वाचतोय. आपण सगळे बोलतो ते पांढऱ्या रंगावर: लपता येत नाही, शत्रूला चटकन दिसतो, ऊन सोसत नाही. ते खरंच आहे. पण जिथे वाचावं तिथे विषय शेवटी डोळ्यांवर येतो, आणि त्याबद्दल मराठीत कुणी फारसं बोलताना दिसत नाही.

मूळ मुद्दा असा. सस्तन प्राण्यांच्या केसांतला आणि कातडीतला रंग म्हणजे मेलॅनिन. एक काळं-तपकिरी, एक तांबूस-पिवळं. टायरोसिन या अमिनो आम्लापासून ते बनतं आणि पहिली पायरी टायरोसिनेज नावाचं विकर करतं. त्या विकराच्या किंवा पुढच्या एखाद्या पायरीच्या जनुकात बिघाड झाला की मेलॅनिन बनतच नाही, निदान पुरेसं बनत नाही. बिघाड अप्रभावी असतो, म्हणजे आई आणि बाप दोघांकडून तो यावा लागतो. दोघेही दिसायला अगदी नेहमीसारखे, पण दोघेही वाहक (जनुकाची एक प्रत बिघडलेली, एक चांगली) असले तर प्रत्येक पिल्लामागे चारात एक शक्यता.

जाणकारांनी भर घालावी. विशेषतः असे प्राणी जंगलात जगतात का, आणि सापडले तर सोडावेत की ठेवावेत?

बिनविषारी

सापांपुरतं सांगतो. पांढरा साप आला की मी आधी डोळा आणि जीभ बघतो. अल्बिनो नागाचा डोळा लाल-गुलाबी असतो, कारण आतल्या रक्तवाहिन्यांवर रंगाचा पडदाच नसतो. जीभही फिकट गुलाबी. अंग पांढरंशुभ्र असेलच असं नाही. सापांच्या कातडीत मेलॅनिनशिवाय पिवळे-लाल रंग देणाऱ्या वेगळ्या पेशी असतात, त्या शाबूत राहतात. म्हणून अल्बिनो घोणस बहुधा पिवळसर-केशरी दिसते आणि तिच्या पाठीवरची नक्षीसुद्धा ओळखू येते. अंग पांढरं पण डोळा काळा, तर तो ल्युसिझम, म्हणजे अंगावर रंग नाही पण डोळ्यात आहे. आणि डोळा दुधाळ निळसर दिसत असेल तर साप कात टाकायला आलाय, बाकी काही नाही.

विष तेवढंच. पांढरा आहे म्हणून जवळ जाऊन सेल्फी काढणाऱ्यांना हे ओरडून सांगावं लागतं. साप दूध पीत नाही, हे तर आता सांगायचाही कंटाळा येतो.

सोडायचा की ठेवायचा हा निर्णय तुमचा-आमचा नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार नाग घरी ठेवणं गुन्हा आहे, मग तो कुठल्याही रंगाचा असो. वनविभागाला कळवायचं, महाराष्ट्रात १९२६ वर फोन लागतो. माझं मत विचाराल तर तगडा, पूर्ण वाढलेला साप असेल तर जवळच्याच अधिवासात सोडावा. एवढा मोठा झालाय म्हणजे त्याला जगायचं जमलेलं आहे. साप बरचसं काम जिभेने वास टिपून करतो, त्यामुळे नजर कमी असली तरी त्याचं सस्तन प्राण्याइतकं अडत नाही.

सोनचाफा

वाचतेय. "शुभवार्ता" वाला निरोप आमच्या सोसायटीच्या गटावरही आला होता. 😀

कावळेकाका

पक्ष्यांच्या बाबतीत "अल्बिनो" हा शब्द फार स्वस्त झालाय. दरवर्षी कुठल्यातरी पेपरात "पांढरा कावळा आढळला" असतं आणि फोटोत डोळा काळाकुळकुळीत. तो अल्बिनो नाही. पंखात दोन पिसं पांढरी असली तरी "अर्धा अल्बिनो" म्हणतात. असं काही नसतं. जनुकाचा बिघाड सगळ्या शरीराला लागू होतो, निम्म्या पंखाला नाही. काही कावळ्यांत वयाबरोबर पिसं पांढरी होत जातात, काहींत निकृष्ट खाण्यामुळे पिसांवर पांढरे पट्टे येतात. पुण्याचे अनिल महाबळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतातल्या पक्ष्यांच्या अशा रंगविकृतींच्या नोंदी एकत्र केल्या आहेत. जिज्ञासूंनी त्या जरूर बघाव्यात.

मोठा झालेला खरा अल्बिनो पक्षी रानात दिसणं फार विरळा. कारण शिवारफेरी म्हणतात तेच, डोळे. पक्षी नजरेवर जगतो. अंतराचा अंदाज चुकला की फांदीवर नीट बसताही येत नाही, मग किडा पकडणं लांबच. दुसरं म्हणजे मेलॅनिन पिसाला कणखर करतं. ते नसलेलं पीस कडेने लवकर झिजतं आणि उडणंही बिघडतं. बगळ्यासारख्या जातिवंत पांढऱ्या पक्ष्याची गोष्ट वेगळी. त्याची पिसं पांढरी असली तरी डोळ्यांत रंग असतोच. बागेतले पांढरे मोरही अल्बिनो नव्हेत, डोळे बघा त्यांचे.

गोठाडॉक्टर

पशुवैद्यक आहे, म्हणून डोळ्यांचं जरा सविस्तर लिहितो. लोकांना वाटतं की अल्बिनो प्राण्याला फक्त उजेड सहन होत नाही, सावलीत ठेवला की झालं. तसं नाही.

बुबुळात रंग नसल्याने उजेड बाहुलीतून येतो तसा बुबुळातूनही आरपार येतो, आणि दृष्टिपटलामागे तो शोषून घेणारा काळा थर नसल्याने आत विखुरतो. हा झाला उजेडाचा त्रास. पण खरं नुकसान जन्माच्या आधीच झालेलं असतं. गर्भात डोळा घडत असताना त्या थरातलं मेलॅनिन पुढच्या जडणघडणीला लागतं. ते नसलं तर डोळ्यांकडून मेंदूकडे जाणाऱ्या मज्जातंतूंची वाट चुकते. एरवी प्रत्येक डोळ्यातले काही तंतू त्याच बाजूच्या मेंदूत आणि काही पलीकडच्या बाजूला जातात. अल्बिनोत जरुरीपेक्षा जास्त तंतू पलीकडे जातात. दोन्ही डोळ्यांची चित्रं एकत्र जुळवून खोली कळण्याची जी क्रिया आहे, ती लंगडी पडते. माणूस आणि माकडं यांच्यात दृष्टिपटलावरचा बारीक पाहण्याचा खळगाही नीट बनत नाही. डोळे थरथरत राहतात, काहींना तिरळेपणा येतो. हे चष्म्याने किंवा सावलीने भरून येत नाही.

सयामी मांजर तिरळं का, याचं उत्तरही इथेच आहे. तिच्यातलं टायरोसिनेज अर्धवट बिघडलेलं आणि तापमानाला नाजूक असतं. ऊबदार धडावर ते चालत नाही. कान, शेपूट, पंजे हे गार भाग, तिथे चालतं आणि तिथेच काळा रंग येतो. सयामीसारखाच दोष असलेल्या हिमालयन जातीच्या सशाच्या पाठीवरचे केस काढून तिथे बर्फाची पिशवी बांधली तर नवे केस काळे उगवतात, हा जनुकशास्त्राच्या वर्गात नेहमी सांगितला जाणारा प्रयोग.

सशाची_आई

अहो डॉक्टर, आमचा ससा पांढरा, लाल डोळ्यांचा आहे. काही बघायचं असलं की डोकं सावकाश डावीकडे-उजवीकडे डोलवतो. आम्ही म्हणायचो पठ्ठ्या भजन करतोय. याचाही डोळ्यांशी संबंध असेल का?

गोठाडॉक्टर

हो ताई. लाल डोळ्यांच्या सशांत हे सर्रास दिसतं. डोकं हलवलं की जवळची वस्तू जास्त सरकते, लांबची कमी, त्यावरून तो अंतर जोखतो. मान एका बाजूला वाकडी राहत असेल किंवा तोल जात असेल तर मात्र तो कानाचा किंवा मेंदूचा आजार, लगेच दाखवा. पिंजरा खिडकीच्या उन्हात नको, फ्लॅश मारून फोटो नकोत, आणि घरातलं सामान सारखं हलवू नका.

तिसरा_मजला_प्रयोगशाळा

प्रयोगशाळेत पांढरे उंदीर बघितलेल्यांसाठी. विस्टार जातीचे मोठे उंदीर (रॅट), बाल्ब-सी जातीचे छोटे उंदीर (माऊस), न्यूझीलंड व्हाइट ससे, हे सगळे खरे अल्बिनो. म्हणजे जगात सर्वांत जास्त अल्बिनो प्राणी जंगलात नाहीत, पिंजऱ्यांत आहेत. १९६६ मध्ये नोएल यांनी दाखवलं की सतत पेटत्या दिव्याखाली ठेवलेल्या अल्बिनो उंदरांच्या दृष्टिपटलातल्या पेशी मरतात. दिवा तरी कसला, आपल्या कचेरीत असतो तसा. म्हणून आजही प्राणीगृहात जमिनीपासून मीटरभर उंचीवर साधारण ३२५ लक्स उजेड पुरे, असा संकेत पाळतात आणि वरच्या कप्प्यातले पिंजरे अधूनमधून खाली घेतात. नवीन मुलगा कामावर आला की आधी दिव्याच्या बटणाचं शिक्षण.

विंध्यवासी

आता पांढऱ्या वाघाबद्दल कुणीतरी बोलायलाच हवं. मी मध्य प्रदेशातल्या रीव्याकडचा, घरी मराठी.

२७ मे १९५१ ला रीव्याचे महाराज मार्तंडसिंह यांनी सीधीच्या जंगलात एक पांढरा बछडा पकडवला. त्याची आई आणि भावंडं शिकारीत मारली गेली होती. तो मोहन, गोविंदगढच्या वाड्यात वाढला. बेगम नावाच्या पिवळ्या वाघिणीपासून त्याला झालेली सगळी पिल्लं पिवळी. मग त्यांतल्याच राधाशी, म्हणजे स्वतःच्या मुलीशी त्याचा जोडा लावला आणि १९५८ मध्ये चार पांढरी पिल्लं झाली: राजा, रानी, मोहिनी, सुकेशी. मोहिनी १९६० मध्ये वॉशिंग्टनला गेली. तिथेही पुढची पैदास नात्यातच.

हे वाघ अल्बिनो नाहीत. अल्बिनो असते तर काळे-तपकिरी पट्टे आले कुठून? २०१३ मध्ये चिनी संशोधकांनी त्यांच्यातला बदल एसएलसी४५ए२ या जनुकात दाखवला. त्याने तांबूस-पिवळं मेलॅनिन जवळजवळ बंद होतं, काळं बऱ्यापैकी शिल्लक राहतं. तरीसुद्धा डोळ्यांच्या तंतूंचा तो घोळ त्यांच्यातही सापडलाय. १९७३ मध्येच एका पांढऱ्या वाघाच्या मेंदूच्या तपासणीत सयामी मांजरीसारखी चुकलेली वाट दिसली होती. तिरळे पांढरे वाघ उगाच नसतात.

सह्यकडा

पण मग ही जात दुर्मिळ म्हणून जपायला नको का? तुमच्या रीव्याजवळ मुकुंदपूरला पांढऱ्या वाघांची सफारी आहे, कात्रजलाही पांढरा वाघ बघितलाय. लोक तिकीट काढतात ते त्याच्यासाठीच.

विंध्यवासी

जात नाहीच ती. बंगालचाच वाघ, एका जनुकाचा फरक. रंगाचा गुण जंगलात पिवळ्या वाघांच्या पोटी लपून राहू शकतो, त्यासाठी बाप-लेकीचा जोडा लावायची गरज नाही. वर्षानुवर्षं नात्यात पैदास केली की पांढऱ्या रंगाबरोबर इतरही लपलेले दोष जोडीने वर येतात: वाकडे पाय, मूत्रपिंडाचे आजार, मेलेली पिल्लं. अमेरिकेतल्या प्राणीसंग्रहालयांच्या संघटनेने २०११ मध्ये सदस्यांना पांढऱ्या वाघांची पैदास थांबवायला सांगितलं ते यामुळेच. मुकुंदपूरची सफारी २०१६ ला सुरू झाली तेव्हा आमच्याकडे दिवाळी होती, मीही गेलो होतो. आहेत ते वाघ नीट सांभाळावेत. पण तिकिटासाठी आणखी जन्माला घालू नयेत.

सह्यकडा

बाप-लेक हे माहीत नव्हतं. अवघड आहे.

मनीमाऊ

पांढरी मांजरं बहिरी असतात ना? म्हणजे अल्बिनिझममध्ये कानही जातात का?

गोठाडॉक्टर

नाही. रंगाऱ्याचं उदाहरण घ्या. अल्बिनो प्राण्याच्या अंगात रंगारी कामावर हजर असतो, पण त्याच्या डब्यात रंग नसतो. निळ्या डोळ्यांच्या पांढऱ्याशुभ्र मांजरीत रंगारीच त्या जागी पोचलेला नसतो. आतल्या कानाला ऐकण्यासाठी या रंगपेशी लागतात, त्यांतला रंग लागत नाही. म्हणून अल्बिनो मांजर सहसा ऐकू शकते, आणि दोन्ही डोळे निळे असलेल्या त्या दुसऱ्या पांढऱ्या मांजरींत निम्म्याहून जास्त बहिऱ्या निघतात.

ब्रिस्बेनकर

इथला मिगालू सगळ्यांना ठाऊक असेल. हंपबॅक देवमासा, पूर्ण पांढरा, १९९१ मध्ये बायरन बेजवळ पहिल्यांदा दिसला. कातडीच्या तुकड्यावरून टायरोसिनेजच्या जनुकातला बिघाड नक्की झाला, म्हणजे खरा अल्बिनो. आणि तो वर्षानुवर्षं अंटार्क्टिकाकडून उत्तरेला ये-जा करताना दिसत राहिला. एवढ्या मोठ्या जनावराला लपायचं कुणापासून, आणि देवमासे वाट काढतात आणि बोलतात ते मुख्यतः आवाजावर. क्वीन्सलंडात त्याच्यापासून ५०० मीटर लांब राहण्याचा नियम केला, इतर देवमाशांना १०० मीटर आहे. म्हणजे जवळ येणाऱ्या बोटीच त्याला जास्त जड जाणार, हे सरकारनेही ओळखलं.

गुहाप्रवेश

याचं दुसरं टोक म्हणजे मेक्सिकोतल्या गुहांमधले आंधळे मासे. मिट्ट काळोखात रंग असून नसून सारखाच. वेगवेगळ्या गुहांतल्या माशांत एकाच जनुकात, ओसीए२ मध्ये, वेगवेगळे बिघाड स्वतंत्रपणे झालेले सापडले. नदीत जो दोष जीव घेईल तो गुहेत कुणाच्या लक्षातही येत नाही. पण गुहेतलं फिकट ते सगळं अल्बिनो, असंही धरू नका. स्लोव्हेनियाच्या गुहांमधला ओल्म, म्हणजे पाण्यात राहणारा लांबुडका उभयचर प्राणी, उजेडात ठेवला तर काळवंडतो.

रानवेडी

कळपातले बाकीचे त्याला कसं वागवतात यावर कुणी लिहिलं नाही. युगांडातल्या बुडोंगो जंगलात २०१८ मध्ये चिंपांझींच्या एका टोळीत अल्बिनो पिल्लू जन्मलं. मोठ्या चिंपांझींनी आधी घाबरल्यासारखे, धोक्याच्या वेळी देतात तसे आवाज काढले. काही दिवसांनी टोळीतल्याच नरांनी पिल्लू मारलं. नंतर कितीतरी जण ते कलेवर हुंगत, कुरवाळत, केस उपटून बघत बसले होते. संशोधकांनी हे सगळं समोरून पाहिलं आणि २०२१ मध्ये छापलं. चिंपांझी इतरही पिल्लं मारतात, त्यामुळे सगळा दोष रंगावर टाकता येत नाही. तरी त्यांची ती कलेवर तपासत बसण्याची तऱ्हा नेहमीची नव्हती.

उलट बार्सिलोनाचा स्नोफ्लेक. आजवर माहीत झालेला एकमेव अल्बिनो गोरिला. १९६६ मध्ये आजच्या इक्वेटोरिअल गिनीत एका शेतकऱ्याने त्याच्या आईला मारलं, तेव्हा हे पोर तिला चिकटलेलं होतं. म्हणजे आईने त्याला टाकलेलं नव्हतं. प्राणीसंग्रहालयात तो जवळजवळ चाळिशीपर्यंत जगला आणि २००३ मध्ये कातडीच्या कर्करोगाने गेला. उजेडात सारखी डोळ्यांची उघडझाप करायचा. त्याला २२ पिल्लं झाली, एकही पांढरं नाही, कारण त्यांच्या आया वाहक नव्हत्या. २०१३ मध्ये त्याचा जनुकसंच वाचला गेला. विंध्यवासींनी सांगितलेलं तेच एसएलसी४५ए२ जनुक, पण बिघाड वेगळा, म्हणून तिथे पट्टे आणि इथे कोरी पाटी. आणि त्याचे आईबाप एकमेकांचे जवळचे नातलग असल्याचंही त्यात दिसलं. जंगलातही नात्यात जुळतं कधीकधी.

बोर्निओतल्या आल्बा या अल्बिनो ओरांगउटानला मात्र २०१७ मध्ये पिंजऱ्यातून सोडवून २०१८ च्या डिसेंबरात राष्ट्रीय उद्यानात सोडलं. नजर अधू, तरी झाडावर चढणं-उतरणं जमतंय हे पाहूनच. शिवारफेरी, "सोडावेत की ठेवावेत" याचं सरसकट उत्तर नाही, प्राणी बघून ठरवतात.

सारंगखेड्याचा

घोड्यांचं राहिलं. आमच्या यात्रेत नुकरा घोडा लाखांत जातो, पांढरा, गुलाबी कातडीचा. बघणारे अल्बिनो म्हणतात.

गोठाडॉक्टर

घोड्यात खरा अल्बिनो आजवर नोंदलेला नाही. नुकऱ्याचा पांढरेपणा वेगळ्या जनुकांचा, डोळ्यात रंग असतो. पण कातडी गुलाबी, म्हणून ऊन त्यालाही लागतं. खिल्लार बैल याच्या बरोबर उलट: केस पांढरे, पण नाकपुडी, खूर, डोळ्यांच्या कडा आणि कातडी काळी. माणदेशाच्या उन्हात तो उगाच उभा राहत नाही.

वाडीचा_दादू

डॉक्टर, आमच्याकडे म्हशीला पांढरं रेडकू झालंय. पारडी आहे. नाक गुलाबी, खूर पिवळट, डोळे निळसर-करडे, उन्हात आणलं की मिटून घेते. लोक बघायला येतात. घरातले म्हणतात लक्ष्मी आली. जगेल ना?

गोठाडॉक्टर

वर्णनावरून खरीच अल्बिनो दिसते. ब्राझीलमधल्या म्हशींत टायरोसिनेजच्या जनुकातला असा बिघाड २०१२ मध्ये दाखवला गेलाय. जगेल, दूधही देईल. पण भर दुपारी बाहेर बांधू नका, चरायला सकाळी लवकर नाहीतर ऊन उतरल्यावर, डुंबायला पाणी हवंच. कानाच्या कडा, नाक, सड आणि पापण्या रोज बघा. पापणीवर न भरणारी जखम किंवा मोड दिसला तर वाट बघू नका. आणि बांधावरची घाणेरी, टणटणी म्हणता तुम्ही, ती तोडून टाका. ती खाल्ली की यकृत बिघडतं आणि रंग नसलेली कातडी उन्हात सोलून निघते. काळी म्हैस त्यातून थोडीफार वाचते, ही नाही वाचायची.

कशापासून झाली? कृत्रिम रेतन की गावचा रेडा?

वाडीचा_दादू

चुलत्यांचा रेडा. वाडीतल्या बहुतेक म्हशी त्याच्याकडेच नेतात.

गोठाडॉक्टर

मग तो रेडा वाहक आहे आणि तुमची म्हैसही. ती पुन्हा त्याच्याकडे नेली तर चारात एक अशी शक्यता. ही पारडी मोठी झाल्यावर त्याच्याकडे नेली, म्हणजे बापाकडेच, तर दोनात एक. म्हैस आणि पारडी दोघींनाही दवाखान्यातून बाहेरच्या रेड्याचं रेतन करून घ्या. आणि त्याच्या मुली आता वाडीत दावणीदावणीला असतील, त्यांतल्या निम्म्या तरी वाहक. त्याही त्याच्याकडे न्यायच्या बंद करायला हव्यात. रेडा बदला म्हणावं चुलत्यांना.

वाडीचा_दादू

म्हशीचं करतो. चुलत्यांचं अवघड आहे. पांढरी पारडी झाल्यापासून त्यांनी रेड्याचा दर वाढवलाय.